खरखर कुठली, गिटार कुठली

पहाटे ५.३०

आमच्या इमारतीचा पाण्याचा पंप सहाला सुरू होतो. त्याआधी रेकॉर्डची निदान एक बाजू उतरवून घ्यायची, हा माझ्या कामाचा पहिला नियम. बदलापूर पूर्वेला शिरगावात, चौथ्या मजल्यावरच्या घरातल्या लहान खोलीत मी जुन्या रेकॉर्ड, कॅसेट आणि स्पूल टेपवरचा आवाज कॉम्प्युटरवर घेऊन देते. पंप चालू झाला की भिंत थरथरते, भिंतीची थरथर टेबलात येते आणि टेबलाची सुईत. कानाला ती जाणवत नाही, पण उतरवलेल्या आवाजाच्या तळाशी घुमत राहते. आठपासून समोरच्या प्लॉटवर ड्रिलिंग. बदलापुरात कुठल्या ना कुठल्या प्लॉटवर इमारत उठतच असते, त्यामुळे पहाट हाच माझा साउंडप्रूफ स्टुडिओ.

आज टर्नटेबलवर ‘सिमला बीट’ची १९७० ची एलपी आहे. सिमला हा सिगारेटचा ब्रँड, इम्पीरियल टोबॅको कंपनीचा. तरुणांपर्यंत पोचायला कंपनीने देशभरच्या बीट ग्रुपांची, म्हणजे रॉक वाजवणाऱ्या बँडांची, स्पर्धा भरवली आणि त्यांतल्या काहींची गाणी १९७० आणि १९७१ अशा दोन एलपींवर काढली. शिलाँगचे फेंटोन्स, मद्रासचे कन्फ्यूजन्स, बंगलोरचे डायनोसॉर्स, कलकत्त्याचे ग्रेट बेअर. त्या काळात रॉक वाजवणाऱ्या पोरांना रेकॉर्ड कंपनीचं दार सहसा उघडत नसे. तिथे सगळा कारभार सिनेमाच्या गाण्यांचा. म्हणून सिगारेटवाल्यांनी काढलेल्या या दोन तबकड्या हाच भारतातल्या सुरुवातीच्या सायकेडेलिक आणि ब्लूज-रॉक संगीताचा मोठा पुरावा होऊन बसला. तंबाखूच्या जाहिरातींवर आणि प्रायोजकत्वावर बंदी आणणारा कायदा २००३ मध्ये आला. आज अशी स्पर्धा भरवताच येणार नाही.

रेकॉर्ड काल रात्री धुऊन ठेवली होती. डिस्टिल्ड वॉटर, त्यात थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल, मऊ ब्रश, आणि ब्रश खाचांच्या दिशेनेच फिरवायचा. ७८ च्या जुन्या लाखेच्या रेकॉर्डला मात्र अल्कोहोलचा थेंबही चालत नाही, लाख विरघळते. बालगंधर्वांच्या रेकॉर्डी घेऊन येणाऱ्या गिऱ्हाइकांना मी हे आधी सांगते, कारण ‘स्पिरिटने पुसून आणलंय ताई’ असं कौतुकाने सांगणारेही भेटतात.

सुई टेकवली. वजन दोन ग्रॅमच्या आसपास, वेग मिनिटाला ३३⅓ फेरे. रेकॉर्ड कापताना खालचे सूर मुद्दाम दाबलेले आणि वरचे चढवलेले असतात. ते प्रीअँपमध्ये उलटे करून मूळ जागी आणायचे आणि सेकंदाला ९६ हजार नमुने, प्रत्येक नमुना २४ बिटांचा, असं टिपायचं. वीस मिनिटांच्या एका बाजूची फाइल सातशे एमबीच्या जवळ जाते. या कामात घाई करता येत नाही. वीस मिनिटांची बाजू वीस मिनिटंच घेते आणि ती सगळी ऐकावी लागते.

सकाळी ७.००

डबा, चहा, पिण्याचं पाणी. नवऱ्याला लोकल गाठायची असते. सीएसएमटीपासून बदलापूर ६८ किलोमीटर. ज्याला रोज एवढं जाऊन एवढं यायचं, त्याच्याशी सकाळी सायकेडेलिक संगीतावर बोलू नये. शेअर रिक्षा कोपऱ्यावर मिळते, तो जातो.

सकाळी ९.००

आता पोटापाण्याचं काम. लग्नाच्या व्हिडिओ कॅसेट, कीर्तनाच्या ऑडिओ कॅसेट, कुणाच्या आजोबांनी टेपरेकॉर्डरवर घेतलेला सत्यनारायण. घर चालतं ते यांच्यावर. आज कीर्तनाची नव्वद मिनिटांची कॅसेट आहे. आतली फोमची गादी, जी टेपला हेडवर दाबून धरते, ती गळून पडलेली. कॅसेटचे स्क्रू काढायचे, टेपची दोन्ही चाकं उचलून नव्या कवचात बसवायची, हेड पुसायचं, हेडचा कोन कानाने जुळवायचा. कोन चुकला की बुवा घोंगडी पांघरून बोलल्यासारखे वाटतात.

पश्चिमेकडून, उल्हास नदीच्या बाजूने येणारा माल मी वेगळा ठेवते. हेंद्रेपाड्यासारख्या भागात २००५ च्या २६ जुलैला आणि पुन्हा २०१९ च्या जुलैमध्ये पाणी शिरलं. त्या पाण्यातून वाचलेल्या कॅसेटवर बुरशीचा पांढरा थर असतो. एक तशी मशीनमध्ये गेली की मागून येणाऱ्या चांगल्या कॅसेटनाही लागण होते. रेकॉर्डचं बरं असतं. कव्हर कुजतं, लेबल सुटतं, पण व्हायनल धुतलं की गाऊ लागतं. पाण्यात हमखास हरवते ती कव्हरच्या मागची माहिती, कोणी वाजवलं, कोणी लिहिलं, कुठे ध्वनिमुद्रण झालं. फिल्मी रेकॉर्डबाबतीत ती दहा पुस्तकांत सापडते. बीट ग्रुपबाबत कव्हर गेलं की वाजवणारा निनावी झाला.

सकाळी ११.१५

लोकलने उल्हासनगर. कॅसेट डेकचा रबरी पट्टा सैल झालाय. असले पट्टे, पुली आणि सुट्या मोटरी अजून कुठे मिळत असतील तर कॅम्पातल्या जुन्या दुकानांत. दुकानदार सिंधी, वय सत्तरीपुढचं. पट्टा बोटांवर ताणून बघतो, दोन नाकारतो, तिसरा देतो. फाळणीनंतर लष्करी छावणीतल्या बराकींत राहायला आलेल्या या माणसांनी देशभरच्या मालाच्या प्रती बनवल्या म्हणून त्यांची चेष्टा झाली. पण मोडलेलं यंत्र उघडून आत हात घालायचं धैर्य याच बाजारात टिकलं.

बीट ग्रुपांतल्या गिटारवाल्यांचंही तसंच होतं. १९६० आणि ७० च्या दशकांत परकीय चलनाची टंचाई आणि आयातीवर जबर कर. परदेशी गिटार किंवा अँप्लिफायर मिळणं म्हणजे कुणी जहाजावरचा खलाशी ओळखीचा हवा. नाहीतर देशी गिटार घ्यायची, रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडून अँप्लिफायर बनवून घ्यायचा आणि ‘जिमी हेंड्रिक्ससारखा आवाज काढून दे’ म्हणायचं. गाणी कानाने उतरवायची. रेकॉर्ड पुन्हा पुन्हा लावायची, शब्द अंदाजाने लिहायचे. कलकत्त्याहून निघणारं ‘जेएस’ हे तरुणांचं साप्ताहिक हातोहात फिरे. त्यात परदेशातल्या बँडबरोबर इथल्या पोरांचेही फोटो छापून येत.

दुपारी २.००

रेकॉर्डचे मालक येतात. निवृत्त गृहस्थ, कात्रपला राहतात, मी त्यांना काका म्हणते. कॉलेजात असताना ते दादरला राहत आणि स्पर्धेच्या अंतिम फेरीला षण्मुखानंद सभागृहात गेले होते. एरवी शास्त्रीय मैफली आणि नृत्याचे कार्यक्रम होत त्या सभागृहात हे चालायचं. काकांच्या घरी यावर बोलायची सोय नव्हती.

‘आईला सांगितलं होतं गाण्याच्या कार्यक्रमाला चाललोय. खोटं कुठे बोललो?’ ते म्हणतात.

मी सकाळची फाइल लावते. काका डोळे मिटत नाहीत, गुडघ्यावर ताल धरतात. डायनोसॉर्स वाजवतात ते क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हलचं गाणं, म्हणजे उसनं. कन्फ्यूजन्सचं ‘व्हॉइस फ्रॉम द इनर सोल’ मात्र त्यांचं स्वतःचं. फरक लगेच कळतो. उसन्या गाण्यात वाजवणारा सावध असतो, स्वतःच्या गाण्यात त्याला चुकायची भीती नसते.

‘स्टेजवर हे लोक लांबलचक वाजवायचे गं. इथे सुरू झालं तोवर संपलं,’ काका म्हणतात.

या सगळ्या प्रकरणाचं खरं दुखणं हेच आहे. ब्लूज हे अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं दुःखाचं आणि टिंगलीचं गाणं. ‘ट्वेल्व्ह बार’चा साचा ठरलेला, पण त्यात फिरायला मोकळीक भरपूर. सायकेडेलिक रॉकने ती मोकळीक आणखी ताणली. एकच सूर धरून मिनिटंच्या मिनिटं गिटार भटकून येते. असं संगीत मैफलीत बसतं. एलपीवर अनेक बँडना थोडी थोडी जागा द्यायची म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला मूठभर मिनिटं. त्यामुळे रेकॉर्डवरून या बँडची पारख करणाऱ्याने एवढं ध्यानात ठेवावं की आपल्या हाती मैफल नाही, मैफलीची मुखडा-ओळ आहे.

१९७१ साली लोणावळ्याजवळ मळवलीला ‘स्नेहयात्रा’ नावाचा खुल्या मैदानातला महोत्सव झाला. लोक त्याला भारताचं वुडस्टॉक म्हणतात. मुंबईहून रेल्वेने तिकडे गेलेली पोरं बदलापूरवरूनच गेली असणार, मार्ग तोच. काका गेले नाहीत, परीक्षा होती. याचं वाईट त्यांना अजून वाटतं.

दुपारी ४.००

वीज गेली. टेबलावर वही उघडते आणि नोंदी हाताने लिहिते. रेकॉर्डच्या शेवटच्या खाचेपुढच्या कोऱ्या पट्टीत बारीक आकडे आणि अक्षरं कोरलेली असतात. भिंगाने वाचून उतरवते, कारण कुठल्या साच्यातून प्रत निघाली हे त्यावरून कळतं. मग बँड, गाव, गाणं, ठाऊक असतील तर माणसं. मुंबईच्या बँडांचा कागद वेगळा आहे आणि त्यावर वर नाव आहे नंदू भेंडे यांचं.

मराठी वाचकाला हे नाव ठाऊक असतं, पण बहुधा अर्धंच. आत्माराम भेंडे आणि डॉ. आशा भेंडे यांचा मुलगा. आईकडून कवी निसीम इझिकेल यांचा भाचा. घरात नाटक, आजोळी कविता, आणि मुलगा झेवियर्सच्या दिवसांत ‘व्हेल्व्हेट फॉग’ या रॉक बँडचा गायक. पुढे ‘सॅव्हेज एनकाउंटर’, पुढे ‘अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट’. १९७४ मध्ये अलेक पदमसी यांनी ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’ मुंबईत रंगमंचावर आणलं. त्यात जूडास नंदू भेंडे आणि येशू मधुकर चंद्र धस, तेही ‘अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट’चे गायक. आणि १९७८ मध्ये हाच जूडास मराठी नाटकातला अंकुश झाला. पु. ल. देशपांडे यांनी ब्रेख्टच्या ‘थ्री पेनी ऑपेरा’वरून ‘तीन पैशाचा तमाशा’ लिहिलं, जब्बार पटेल यांनी पुण्याच्या थिएटर अकॅडमीसाठी बसवलं. लावणीच्या शेजारी रॉकचा गळा प्रथमच एवढ्या थाटात मराठी रंगभूमीवर उभा राहिला.

आपल्याकडे म्हटलं जातं की रॉक ही कुलाबा-वांद्र्याच्या इंग्रजी बोलणाऱ्या पोरांची हौस, तिचा मराठीशी संबंध नाही. या कागदाकडे बघितलं की ते खरं वाटत नाही. स्लिप डिस्क या कुलाब्याच्या डिस्कोथेकमध्ये, जिथे १९७२ साली लेड झेपलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट येऊन वाजवून गेले, तिथून ‘तीन पैशाचा तमाशा’पर्यंतची वाट पाच-सहा वर्षांची आहे. २०१४ च्या एप्रिलमध्ये नंदू भेंडे गेले. तेव्हाच्या मृत्युलेखांत नाटकं आणि मालिका होत्या, ‘व्हेल्व्हेट फॉग’ एखाद्या ओळीत. त्याच वर्षी सिद्धार्थ भाटिया यांचं या पिढीवरचं ‘इंडिया सायकेडेलिक’ हे इंग्रजी पुस्तक आलं. मराठीत त्या तोडीचं पुस्तक कुणीतरी लिहायला हवं.

संध्याकाळी ५.३०

वीज आली. आता दिवसातलं अवघड काम, सफाई.

रेकॉर्डवरची टकटक काढायला सॉफ्टवेअर आहे. ते आवाजाच्या आलेखात एकदम उठलेली टोकं शोधतं आणि पुसतं. नाट्यगीताला ते चालून जातं. या संगीताला चालत नाही, कारण फझ गिटारचा आवाज असल्या टोकांचाच बनलेला असतो. फझ जन्माला आला तोच बिघाडातून. अमेरिकेत नॅशव्हिलच्या स्टुडिओत मार्टी रॉबिन्सच्या १९६१ मध्ये आलेल्या एका गाण्यात ग्रेडी मार्टिनच्या गिटारचा आवाज सदोष यंत्रातून गेला आणि फाटका, घोगरा उमटला. लोकांना तो आवडला. पुढच्याच वर्षी तसा आवाज मुद्दाम काढणारा ‘मेस्ट्रो’चा पेडल बाजारात आला. १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्सनी तो जगभर पोचवला, हेंड्रिक्सने त्याची भाषाच केली.

मशीनला हा इतिहास ठाऊक नाही. त्याला फाटका आवाज म्हणजे दोष. सफाईची कळ पूर्ण फिरवली की मद्रासच्या पोराने जिवापाड मिळवलेला फझ गुळगुळीत होतो, झांजांची धार जाते, आणि उरतं ते लिफ्टमध्ये वाजणारं संगीत. म्हणून हाताने करायचं. आलेख मोठा करायचा, एकेक टोक ऐकायचं आणि ठरवायचं, हा ओरखडा की हे बोट. रेकॉर्डच्या प्रत्येक फेऱ्यागणिक, म्हणजे १.८ सेकंदांनी, त्याच लयीत पुन्हा येतो तो ओरखडा. गाण्याच्या तालावर येतो तो माणूस. शंका आली तर तसंच ठेवायचं. काढलेलं परत आणता येत नाही, खरखर मात्र ऐकणाऱ्याच्या कानाला दोन मिनिटांत सवयीची होते.

मूळ फाइलला हात लावत नाही. सफाई तिच्या प्रतीवर. उद्या कुणाकडे चांगले कान किंवा चांगलं सॉफ्टवेअर असेल तर त्याने मुळापासून सुरुवात करावी.

रात्री ९.००

जेवण, भांडी, मग ताडून बघायला ‘अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट’. कीथ कांगा यांनी उभा केलेला हा मुंबईचा बँड. त्यांची एकच एलपी, ‘ऑब्सेशन ’७७’, पॉलिडॉरची. त्या वेळी तिला फारसं कुणी विचारलं नाही. तोवर डिस्कोचा काळ सुरू झाला होता आणि लांब केसांचे बँड पांगत होते. २०११ मध्ये लॉस एंजलिसच्या ‘नाऊ-अगेन’ या छोट्या कंपनीने तो आवाज पुन्हा काढला, सोबत जुनं अप्रकाशित ध्वनिमुद्रणही. त्यात हेंड्रिक्सच्या ‘फॉक्सी लेडी’चं थेट कार्यक्रमातलं वादन आहे. स्टुडिओत नीट बसून वाजवलेल्या तुकड्यांपेक्षा ते खडबडीत आहे, आणि मला ते सरस वाटतं. बँड म्हणजे काय होतं ते तिथे कळतं. ड्रम पुढे पळतो, गिटार त्याला ओढून आणते, गायक दोघांची पर्वा करत नाही.

‘सिमला बीट’च्या दोन्ही एलपी पुन्हा काढल्या त्या जर्मनीतल्या कंपनीने. षण्मुखानंद आपल्या मुंबईत, स्लिप डिस्क आपल्या मुंबईत, आणि राखण केली ती परदेशातल्या छांदिष्टांनी. त्यांच्यावर रागावण्यात अर्थ नाही. ज्याने शोधलं, धुतलं, छापलं, त्याचं ते श्रेय.

रात्री १०.३०

फाइलच्या तीन प्रती, दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर आणि एक घराबाहेर, बहिणीकडे डोंबिवलीला. काकांना उद्या पेनड्राइव्ह, नोंदींचा कागद आणि रेकॉर्ड नव्या आतल्या पाकिटात घालून परत. इंटरनेटवर काही टाकत नाही, त्यांनाही टाकू नका म्हणून सांगते. भारतीय कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षं चालतो. १९७० च्या एलपीवरचा तो हक्क १ जानेवारी २०३१ ला मोकळा होईल. तोवर घरात ऐकायचं आणि जपायचं.

हक्क मोकळा होईल त्या दिवशी हाती धड प्रत असली पाहिजे. म्हणून वाचणाऱ्यांना एवढं सांगणं. तुमच्या माळ्यावर १९६५ ते ८० च्या दरम्यानची इंग्रजी नावाची, अनोळखी, भारतात छापलेली रेकॉर्ड असेल, कॉलेजच्या बँडची टेप असेल, कुणा मामाच्या गिटारसोबतचा फोटो असेल, तर रद्दीवाल्याला किलोच्या भावाने देऊ नका. रेकॉर्ड आडवी न ठेवता उभी ठेवा, उन्हापासून लांब. आणि वाजवणारा मामा हयात असेल तर या रविवारी त्याच्याकडे जा, बँडमध्ये कोण कोण होतं ते विचारा आणि नावं कागदावर लिहून कव्हरमध्ये घाला. आवाज मी कसाही काढून देईन, नावं मला काढता येत नाहीत.